बशीचे पिस्टन, टोपीचे पिस्टन

परवा सकाळी नळाचं पाणी बोटांना झोंबलं आणि मी म्हटलं, आली. मुंबईची थंडी आता आठ-दहा दिवसांचीच. लोक कपाटातून शाली काढतात, आणि शालीचा डांबरगोळीचा वास जाईपर्यंत थंडीच निघून जाते. मला थंडी आवडत नाही. गुडघे दुखतात, पण ते काही कारण नव्हे. थंडी आली की मला माहीमची फिलोमिना आठवते, आणि ती आठवली की माझं डोकं फिरतं. मी अठ्ठ्याऐंशीची आहे. या वयात माणूस निवतो म्हणतात. मला तसा अनुभव नाही.

या वर्षी थंडीबरोबर आणखी एक गोष्ट आली. माझी नात जुई, तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर चार पिस्टन मांडले. कोरे, चकचकीत. हात लावून बघितले तर गारढोण. जुईने एक जुनी मोटार घेतली आहे आणि तिला टर्बो बसवते आहे. रोज त्याच गाडीने अंधेरीला कामाला जायचं आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्यातरी मोकळ्या पट्टीवर पाव मैल पळवायची, असा तिचा बेत आहे. कानात ती बोंडं घालून ती मित्रांशी वाद घालत होती. मी बाजूला बसून पावटे सोलत होते.

"साडेनऊला एक ठेवलं तर रस्त्यावर मजा येईल, पण मग टर्बोचं प्रेशर वाढवता येणार नाही," ती म्हणत होती. "साडेआठ ठेवलं तर प्रेशर हवं तेवढं द्या, पण सिग्नलवरून निघताना गाडी झोपेत चालल्यासारखी."

"बशीचे घे," मी म्हटलं.

तिने कानातलं एक बोंड काढलं. "काय म्हणालीस आजी?"

"टर्बो आहे ना? मग वरून बशीसारखे खोलगट असतात ते घे. टोपीचे घेशील तर ठोके देईल."

फ्रिज बोलायला लागावा तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी. ते खोटं होतं. मला ते कोणीच शिकवलं नाही. फिलोमिना ते त्यांना सांगत होती तेव्हा मी डबा घेऊन दारात उभी होते, एवढंच.

तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. लग्नाला वर्ष झालं होतं. आमचे हे परळच्या एका मोटार गॅरेजात फिटर होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. रोज सभा, रोज मोर्चा, हरताळ आज की उद्या एवढंच सकाळी विचारायचं. गिरणीचा भोंगा कधी वाजायचा, कधी नाही. खालून माणसं घोषणा देत गेली की आम्ही बायका गॅलरीत उभ्या राहून आवाज मिसळायचो. हे मोर्च्यांना जायचे. मीही दोनदा गेले. पण खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात मुंबई कोणाला मिळते यापेक्षा माझा नवरा कोणाला मिळतो याची मला जास्त काळजी होती.

गिरगावात भाऊसाहेब म्हणून एक पाठारे प्रभू गृहस्थ होते. घरंदाज माणूस, वकिली करायचे, आणि मोटारींचं वेड. त्यांच्याकडे एक विलायती उघडी मोटार होती, दोनच माणसं बसतील अशी. तिच्यासाठी त्यांनी बोटीने एक ब्लोअर मागवला होता. आमचे हे त्याला भाता म्हणायचे. लोहाराचा भाता कोळशावर हवा मारतो, तसा हा इंजिनात हवा कोंबतो. जुईच्या गाडीतला टर्बो हाही भाताच. भाऊसाहेबांचा पट्ट्यावर फिरायचा, जुईचा गाडीच्या धुराच्या जोरावर फिरतो. हे जुईने मला सांगितलेलं नाही, मी कान देऊन ऐकलं आणि लावलं.

भाऊसाहेबांना एकाच गाडीत सगळं हवं होतं. सोमवार ते शुक्रवार गिरगावातून फोर्टात कोर्टात जायचं. मंगळवारी संध्याकाळी बायकोला प्रभादेवीला गणपतीच्या दर्शनाला न्यायचं. आणि थंडी संपायच्या आत जुहूच्या धावपट्टीवर पाव मैल सगळ्यांच्या पुढे पळायचं. ही गाडी पळाली तर आपल्या आवारातली पुढची जागा तुला गॅरेजला देतो, असं त्यांनी ह्यांना सांगितलं होतं. मला गॅरेजची काही हौस नव्हती. पण त्या जागेच्या मागे दोन खोल्या होत्या, आणि मधे एक दार होतं. एका खोलीत सासू, दीर आणि नवरा यांच्यासह राहणाऱ्या बाईला मधलं दार म्हणजे काय, ते मी नव्या लोकांना सांगत बसत नाही.

सगळं अडलं होतं पिस्टनवर. गाडीत मूळचे पिस्टन होते ते वरून फुगीर, टोपीसारखे. ते हवा घट्ट दाबतात, म्हणून गाडी चपळ. पण भाता बसवल्यावर तेच ठेवायचे की वरून खोलगट, बशीसारखे घालायचे, हा प्रश्न. बशीत जागा जास्त, म्हणून दाब कमी. बशीचे बाजारात मिळत नव्हते, ओतून घ्यावे लागणार होते. ते काम माहीमला कोळीवाड्याजवळ एक म्हातारा ख्रिश्चन करायचा. त्याची छोटी भट्टी होती, जुनं ॲल्युमिनियम वितळवून तो नवे पिस्टन ओतायचा आणि लेथवर उतरवायचा. त्याचे आकडे त्याची मुलगी बघायची. ती फिलोमिना.

फिलोमिना दिवसा दवाखान्यात कंपाउंडर होती. मॅट्रिक झालेली. ही तिथली मूळची माणसं, आपल्या आधीपासूनची, घरात मराठीच बोलणारी. पंचवीस-सव्वीसची असेल, लग्न झालेलं नव्हतं. दिसायला काही विशेष नव्हती, हे मी रागाने लिहीत नाही, खरंच नव्हती. रुंद खांदे, सावळी, कपाळ मोठं. फ्रॉकला कोपरापर्यंत बाह्या आणि अंगाला स्पिरिटचा वास. पण ती माझ्या नवऱ्याला वासू म्हणायची. अरे वासू, इकडे बघ रे वासू. माझ्या नवऱ्याचं नाव सगळ्या जगाला घेता यायचं, मला सोडून. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, मग मंगळागौरीला एकदा. ती दिवसातून वीस वेळा घ्यायची आणि त्यात तिला काही वाटायचंही नाही. मला ते फार लागायचं.

पहिल्यांदा मी त्या दोघांना बोलताना ऐकलं ते गॅरेजात. त्या दिवशी डबेवाला आला नव्हता, म्हणून मी स्वतः डबा घेऊन गेले होते. हे एका खोक्यावर बसले होते, ती दुसऱ्या. मधे जमिनीवर दोन पिस्टन, एक टोपीचा, एक तिने नमुना म्हणून आणलेला बशीचा. मी दारात उभी होते ते दोघांनाही दिसलं नाही.

"भाता आधीच हवा दाबून आत घालतो," ती म्हणत होती. "त्यावर तुझी टोपी आणखी दाबणार. आपल्या पंपावरचं पेट्रोल कसलं आहे, माहीत आहे ना? ठिणगी पडायच्या आधीच पेटेल. ठोके देईल, आणि एक दिवस पिस्टनच खाईल."

"बशीचा घातला तर गिरगाव ते फोर्ट गाडी पेंगत जाईल," हे म्हणाले. "भाऊसाहेब जोड्याने मारतील मला."

"पेंगू दे रे. पेंगलेली गाडी घरी तरी येते, वासू."

हे हसले. डोकं मागे टाकून, घसा दिसेल असे. वर्षभरात माझ्या कुठल्याही बोलण्यावर ते असे हसले नव्हते. मी डबा तिथेच लाकडी बाकावर ठेवला आणि परत आले. वाटेत मला जाणवलं की त्या हसण्यात आपल्याला काही कळलं नाही, आणि आपल्याला कळलं नाही याचंच जास्त दुःख आहे.

बायका मला विचारायच्या, त्या दोघांचं काही आहे का गं. शेजारची गंगूमावशी तर नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या घोवाक बरी मास्तरीण गावली गो." सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या दोघांचं काही नव्हतं. मला पक्कं ठाऊक होतं, नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती त्यांच्याकडे पिस्टनबद्दल बोलायची आणि ते तिच्याकडे पिस्टनबद्दल बोलायचे. त्याबद्दल कोणाच्या झिंज्या उपटायच्या?

लोक हेवा आणि संशय एकच समजतात. संशय असला की माणूस खिसे तपासतो, शर्टाचा वास घेतो. मी त्यातलं काही केलं नाही. मला त्यांच्या बोलण्यात जागा हवी होती, बस. मी चौथी शिकलेली. हिशेब येत होता, वाचता येत होतं. एकदा जेवताना मी विचारलं, तुम्ही सारखं सातला एक, आठला एक म्हणता ते काय असतं? ते म्हणाले, तुला नाही कळायचं. वाईट बोलले नाहीत. आमटी वाढ म्हणतात त्या आवाजात बोलले.

मग मी माझी मी विचार करू लागले. लोणचं दाबून भरताना विचार, स्टोव्हला पंप मारताना विचार. स्टोव्हचं मला लवकर उमगलं. दोन-चार पंप मारले की ज्योत निळी, जास्त मारले की भपकन वर. आठवड्याने मी त्यांना म्हटलं, सातला एक म्हणजे सात वाट्या हवा एका वाटीत कोंबायची, असंच ना? त्यांनी मान वर केली, म्हणाले, हो, तसंच. आणि पुन्हा ताटातल्या भाताकडे बघू लागले. आठवडाभराचा माझा अभ्यास त्या एका 'तसंच'मध्ये आटपला. फिलोमिनाने हेच सांगितलं असतं तर पुढे अर्धा तास बोलले असते.

जुई गाडीबद्दल बोलते तेव्हा चार पुरुष गप्प राहून ऐकतात. एक जण तर विचारून विचारून लिहून घेतो. ओतीव पिस्टन नको, ठोकून घडवलेले घे, ते दाब सहन करतात, पण गरम झाले की जास्त फुगतात, म्हणून सिलिंडरमध्ये जरा सैल बसवायचे, मग थंडीत सुरुवातीला खडखड वाजतील, घाबरायचं नाही. हे सगळं ती भाजी निवडताना बोलावं तसं बोलते. मला तिचं कौतुक वाटतं असं लोकांना वाटतं. कौतुक आहेच. पण आधी पोटात दुखतं, मग कौतुक येतं. मी नातीचाही हेवा करते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

शेवटी बशीचेच ठरले. सातला एक. म्हाताऱ्याने ओतून दिले, सुंदर दिले. आता इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे पिस्टनच्या वर जे लोखंडी झाकण असतं त्यात, चार खोलगट घरं असतात, ती चारी सारखी आहेत का हे मोजायचं होतं. एखादं घर लहान निघालं तर तिथे दाब जास्त, म्हणून ते थोडं कोरून मोठं करायचं. गॅरेज हरताळामुळे बंद राहणार असं कळलं, म्हणून हे ते अवजड डोकं गोणपाटात गुंडाळून सायकलवर घरी घेऊन आले. रविवारी प्रार्थना आटोपून फिलोमिना आली. बरोबर दवाखान्यातली काचेची उभी नळी, तिच्यावर सीसीचे आकडे आणि खाली छोटी तोटी.

आमच्या खोलीत जमिनीवर डोकं उलटं ठेवलं होतं. घरावर काचेचा तुकडा, काचेला भोक, भोकातून नळीतलं रॉकेल सोडायचं. घर तुडुंब भरलं, बुडबुडा राहिला नाही, की तोटी बंद करायची आणि नळीत किती उतरलं ते वाचायचं. अर्धी चाळ दारात उभी. सासू म्हणाली, हे काय नवीन, इंजिनाला औषध पाजता की काय. फिलोमिना हसली आणि म्हणाली, "हो आई, जुलाबाचं." म्हणजे माझ्या सासूला पण तिने खिशात टाकलं. मी चहा केला. तिने पहिलं घर मोजलं, बेचाळीस. दुसरं मोजलं, बेचाळीस. हे खूश. तेवढ्यात खालून कोणी ओरडत गेलं की दादरला गडबड झाली आहे, संध्याकाळपासून बाहेर पडू देणार नाहीत. ती उठली. माहीमला पोचायचं होतं. नळी इथेच ठेवते म्हणाली, आणि जाता जाता मला दाखवून गेली, "बघ बाय, वरची रेघ वाटीसारखी खोलगट दिसते. कडा वाचायच्या नाहीत, तळ वाचायचा." तिने मला शिकवलेली ती एकच गोष्ट. चांगलं शिकवलं, नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं बंद. रस्त्यावर कुत्रं नाही. हे म्हणाले, ये, तू वाच, मी काच धरतो. त्या क्षणी मला किती आनंद झाला हे मी कोणाला सांगितलेलं नाही. हात स्वच्छ धुतले, पदर खोचला, बसले. आकडे इंग्रजी होते, पण बसच्या पाट्यांवरून मला ते येत होते. त्यांनी काच धरली, इंजिनाचं डोकं जरासं कलतं करून बुडबुडा भोकाशी आणला आणि म्हणाले, बस. मी तोटी बंद केली. तळ वाचला. चाळीस.

पुन्हा बघितलं. चाळीसच.

काल तिचे दोन्ही बेचाळीस आले होते. मी चाळीस म्हटलं तर हे काय म्हणतील ते मला आधीच ऐकू आलं. राहू दे, ती आली की बघू. आवाजही ऐकू आला, आमटीचाच. मी म्हटलं, बेचाळीस. चौथं घर मोजलं ते खरंच बेचाळीस निघालं. हे माझ्याकडे बघून म्हणाले, वा. एवढंच म्हणाले. तो 'वा' मी पुढे किती दिवस पुरवला, काय सांगू. तीन नंबरचं घर तसंच राहिलं.

जुहूला गेलो त्या पहाटे कडक गारठा होता. धावपट्टीच्या कडेच्या गवतावर दव होतं आणि माझी पावलं गोठली होती. गाड्या दोन-दोन करून सुटत होत्या. मी आणि फिलोमिना शेजारी उभ्या. तिने माझ्या खांद्यावर तिचा स्वेटर टाकला, मी काढून परत दिला. भाऊसाहेबांची गाडी सुटली ती अशी सुटली की शेजारची जागेवरच राहिली. भात्याचा आवाज कानात सुईसारखा शिरत होता. अर्ध्याच्या पुढे गेली, आणि एकदम आवाज बदलला. डब्यात खडे टाकून हलवावं तसा. मग निळा-पांढरा धूर, आणि गाडी आपली आपण हळू होत थांबली. फिलोमिनाने क्रूसाची खूण केली. मी काही केलं नाही.

दुपारी गॅरेजात इंजिन उघडलं. एका पिस्टनच्या मधोमध भोक पडलेलं होतं, कागदावर विडी टेकवल्यासारखं. तीन नंबरचा. मी तिथे होते. पाणी आणायचं निमित्त करून बाहेर आले.

ह्यांनी तो पिस्टन उजेडात धरून सगळीकडून फिरवला. भोकाच्या कडेला त्यांना एक बारीक खळगा दिसला, टाचणीच्या टोकाएवढा. म्हणाले, ओतताना बुडबुडा राहिला. भाऊसाहेबांसमोर म्हणाले, आणि मग माहीमला जाऊन म्हाताऱ्याला त्याच्या भट्टीसमोर म्हणाले. म्हाताऱ्याने चाळीस वर्षांत कोणाचं असं ऐकून घेतलं नव्हतं. त्याने ह्यांना बाहेर जायला सांगितलं.

दोन दिवसांनी फिलोमिना आमच्याकडे आली. हे घरी नव्हते. सासू देवळात गेली होती. डोकं पुन्हा आमच्याच खोलीत पडलं होतं आणि काढलेले चार प्लग खिडकीच्या फळीवर. ती म्हणाली, नळी न्यायला आले. पण नळी घेऊन ती जमिनीवर बसली आणि तीन नंबरचं घर मोजलं. मला काच धरायला लावली. मी धरली. तिने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे तू वाचलंस ना?"

"हो."

"किती आलं होतं?"

मी काच पुसू लागले. तिने पर्समधून पेन्सिल काढली, दवाखान्याच्या चिठ्ठीच्या मागे काहीतरी भागाकार केला. मग हसली. ओठांच्या एका कोपऱ्यात, जरासं. उठून प्लग हातात घेऊन बघितले, परत ठेवले. दाराशी जाऊन म्हणाली, "वासूला सांग, जेट बघ म्हणावं. थंडी होती. एवढंच सांग." आणि गेली.

जेट म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, हिने मला पकडलं आहे आणि आता पांघरूण घालते आहे. दुसऱ्या कशावर तरी ढकल, मी काही बोलणार नाही, असं सांगून गेली आहे. तिची दया मला नको होती. आणि तिचं एकही वाक्य माझ्या तोंडाने माझ्या घरात यायला नको होतं. संध्याकाळी हे आले. हात-पाय धुतले, जेवायला बसले. मी वाढलं. निरोप सांगितला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग तो विसरलेच म्हटलं तरी चालेल, कारण मला टोचत होतं ते वेगळं होतं. मला टोचत होते ते दोन आकडे, चाळीस आणि बेचाळीस.

हे पुन्हा माहीमला गेले नाहीत. तीही आली नाही. भाऊसाहेबांनी मोटार विकून टाकली, गिरगावातल्या जागेत कोणी छापखाना काढला. हे बसच्या आगारात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. नवरा वेळेवर घरी यायचा. जेवायचा, वर्तमानपत्र वाचायचा, मुलांना पाढे विचारायचा. दाब, पिस्टन, भाता, हे शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून आले नाहीत. घसा दिसेल असे ते पुन्हा हसले नाहीत, माझ्याजवळ नाही आणि कोणाजवळच नाही. राज्य झालं त्या दिवशी चाळीत पेढे वाटले, मिरवणुका निघाल्या, तेव्हाही ते गॅलरीत उभे राहून बघत होते, चांगलं झालं म्हणाले. एकदा पुष्कळ वर्षांनी दादरच्या फुलबाजारात मला फिलोमिना दिसली. केस पांढरे झालेले, हातात फुलांचा मोठा पुडा. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

यातलं बरंचसं मी काल जुईला सांगितलं. तिने नळी आणली होती, नव्या तऱ्हेची, आणि तिच्या इंजिनाचं डोकं टेबलावर उलटं ठेवून घरं मोजत होती. मी बघत होते आणि माझ्याच्याने राहवलं नाही. नवरा गेला, सासू गेली, सांगायला आता हीच उरली. मी म्हटलं, तुझ्या आजोबांचं इंजिन मी फोडलं. आणि चाळीस-बेचाळीसची सगळी हकीकत सांगितली, जेटचा निरोप तेवढा माझ्या सांगण्यात आला नाही. तिने मधे तोंड घातलं नाही. संपल्यावर फोन घेतला, विचारलं इंजिन केवढं होतं, किती सिलिंडर, आणि बोटाने आकडे दाबले.

"दोन सीसी ना? सातचं सव्वासात झालं असेल फार तर," ती म्हणाली. "आजी, एवढ्याने पिस्टनला भोक नाही पडत गं."

"पण तीन नंबरचाच फुटला."

"मधले आधी तापतात. प्लग कसे होते, आठवतंय?"

आठवत होतं. खिडकीच्या फळीवर ते आठवडाभर पडून होते, मीच शेवटी उचलून ठेवले. "पांढरे," मी म्हटलं. "खडूसारखे."

"मग झालं तर. पेट्रोल कमी पडलं. थंडीत हवा जड होते, भात्याने जास्त हवा कोंबली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं. पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं ना, ते जेट एक नंबर मोठं टाकायला हवं होतं. तुझा काही दोष नव्हता. उगाच एवढी वर्षं मनाला लावून घेतलंस."

तिला वाटलं, तिने माझं ओझं उतरवलं. माझ्या गुडघ्यावर तिने थोपटलंसुद्धा. मला मात्र संताप आला. इतकी वर्षं मी धरून बसले होते की त्या दोघांच्या इंजिनात मी एकदा तरी हात घातला. वाईट का होईना, पण घातला. आता ही म्हणते, तेही नाही. फिलोमिनाला ते त्याच दिवशी कळलं होतं. तिने भागाकार केला आणि हसली. मी तिच्या हिशेबात धरण्याएवढीही नव्हते. ती माझ्यावर पांघरूण घालत नव्हती, नुसतं काय बिघडलं ते सांगून गेली होती.

जेट ह्यांनी स्वतः बसवलं होतं. तिचा निरोप कळला असता तर मुकाट्याने बदललं असतं, माहीमला जाऊन म्हाताऱ्याची माफी मागितली असती, नवा पिस्टन ओतून घेतला असता. थंडीचे अजून पंधरा दिवस उरले होते.

जुई पुन्हा नळीकडे वळली होती. तळ वाचत होती, एक डोळा मिटून.

"एवढी साधी गोष्ट," ती म्हणाली. "आजोबांना कोणी सांगितलं नाही का?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही सांगितलं."